मिशीवाला गळ

वाटाड्याला दोन मुली. धाकटी वाऱ्यासारखी, आली कधी अन् गेली कधी. थोरली खांबासारखी, आहे तिथे आहे.

नदीवरच्या जुन्या लाकडी धक्क्याच्या टोकाला त्यांची खोली होती. धाकटी लग्न होऊन शहरात गेली. आई तिच्याही आधी गेली, जिथून कुणी परतत नाही तिथे. मागे उरले बाप-लेक आणि फळ्यांखालचं पाणी. भरतीला ते पाणी फळ्यांच्या पोटाशी यायचं, ओहोटीला खांबांचे हिरवे पाय उघडे पडायचे. एके काळी वरच्या जंगलातले ओंडके याच नदीतून वाहत वखारीला येत. वाटेत जे जड झाले ते बुडाले, आणि बुडाले ते तिथेच राहिले. वखार गेली, वखारवाले गेले, ओंडके मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या बेचक्यांत आणि धक्क्याच्या सावलीत मोठे काळपट मासे मुक्कामाला असत. आई जाळं विणताना गुणगुणायची,

खांबाखाली सावली, सावलीत मासा गं,
जिथे तुझा आसरा, तिथेच तुझा फासा गं.

गळाने मासे धरायची हौस असलेली माणसं लांबून यायची, आणि वाटाड्या त्यांना बोटीतून त्या लाकडांवर न्यायचा. कुठला ओंडका कुठे कुशीवर निजलाय, हे त्याला पाठ होतं. पण अशा जागी साधा गळ टाकला तर मासा राहतो बाजूला, लाकूडच गळाला लागतं. ओढावं तर दोरी तुटते, सोडावं तर गळ जातो. म्हणून तिथे मिशीवाला गळ. शहरातले हौशी लोक त्याला जिग म्हणत. वाटाण्याएवढी शिशाची टोपी, तिच्यातून निघालेला वाकडा गळ, कमरेला रबरी धाग्यांची झालर, आणि टोपीतून उगवून गळाच्या टोकावर ओणवा झालेला ताठ केसांचा झुपका. ती मिशी. लाकडाशी गाठ पडली की मिशी टोकाला सांभाळून वरून सरकून जाते. माशाने जबडा आवळला की तीच मिशी दबते आणि टोक मोकळं होतं.

"मिशी कशी पाहिजे?" वाटाड्या गिऱ्हाइकांना विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. "लाकडाला नमस्कार करील आणि माशाला मिठी मारील. मऊ झाली तर लाकडाची बायको, कडक झाली तर माशाची सासू!"

गिऱ्हाईक हसायचं. थोरली मागे वल्हं धरून बसलेली असायची. तिने हा विनोद इतक्यांदा ऐकला होता की त्याच्या आधीचा श्वाससुद्धा तिला ओळखू यायचा.

ते गळ तीच बांधायची. खिडकीशी टेबल, टेबलाला छोटा शेगडा, स्क्रूने आवळायची पकड, त्यात गळ पकडायचा, शिशाच्या टोपीला दोऱ्याचे वेढे द्यायचे, झालर सारखी करायची, केस मोजून लावायचे, कात्रीने तिरपे कापायचे. बोटांना डोळे असावेत अशी तिची बोटं.

आणि डोळ्यांचं म्हणाल तर ते बापाचे गेले होते. काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग कडांनी मधल्यालाही बोलावून नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येत नाही, उरलेलं सांभाळा. आता उरलं होतं ते धुक्यात दिवा पेटल्याइतकं. ही गोष्ट बाप-लेकीशिवाय कुणाला माहीत नव्हती, धाकटीलाही नाही. कारण आंधळ्या वाटाड्याच्या बोटीत कोण बसेल?

म्हणून थोरली त्याची नजर झाली. गिऱ्हाईक पुढे बसायचं, पाण्याकडे तोंड करून. मध्ये बाप, मागे ती. "ऊन चढलं, बाबा," असं ती म्हणाली की गळ उजवीकडे टाकायचा. "वारं सुटलंय," म्हणजे डावीकडे. आणि "बाबा, चहा देऊ?" म्हणजे डोक्यावर तुळई आहे, वाका आणि काठी आडवी धरा. बाप म्हणायचा, "नको, आत्ताच झालाय." थर्मास कायम रिकामा असायचा. इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही, आणि इतकी वर्षं थोरलीने बोटीत एकही वाक्य नुसतं बोलायचं म्हणून बोललं नाही. ऊन खरंच चढलं तरी तिला तसं म्हणायची सोय नव्हती.

गेल्या हंगामाच्या शेवटी वाटाड्याचा गळ एका बुडीत ओंडक्यात फसला. डोळस माणूस दोरी कुठल्या अंगाने गेलीये ते बघतो, बोट पलीकडच्या अंगाला नेतो, एक टिचकी देतो, की गळ सुटतो. वाटाड्या नेमका उलट्या अंगाने ओढत राहिला. गिऱ्हाईक बघत राहिलं. थोरलीचा जीव टांगणीला लागला. शेवटी तिनेच काहीतरी बोलून दोरी तोडली.

त्या दिवसापासून तिने मिशी दुप्पट जाड केली आणि मुळाशी डिंकाचा थेंब देऊन टणक केली. बापाला सांगितलं नाही. लेकीच्या कामावर बोट ठेवायचं नाही, हा बापाचा जुना नेम. तो गळ दोरीला बांधून घ्यायचा आणि टाकायचा.

यंदा त्याचा गळ कशालाही अडकला नाही. ओंडक्याला नाही, खांबाला नाही, आणि माशालाही नाही. टक् करून मासा तोंड लावायचा आणि सोडून द्यायचा. बापाने आधी पाण्याला बोल लावला, मग वाऱ्याला, मग माशांच्या नव्या पिढीला. मग त्याने बोल लावणं सोडलं. संध्याकाळी गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा, मुठी उघडायचा, मिटायचा. एकदा आपल्याशीच म्हणाला, "डोळ्यांच्या मागोमाग हातही निघालेत वाटतं."

थोरलीने ते ऐकलं आणि मान खाली घालून दोऱ्याचा वेढा दिला. सांगितलं तर मिशी पातळ करावी लागेल. पातळ केली तर गळ अडकेल. गळ अडकला तर पितळ उघडं पडेल, आणि पितळ उघडं पडलं तर बोट कायमची बांधली जाईल. बोट बांधली की बाप बांधला गेला, बाप बांधला गेला की ती. पण ती आत्ता तरी कुठे सुटी होती?

सुटायची एक फट होती, तीही येत्या सोमवारपुरती. शहरात धाकटीच्या घराजवळ दात बनवायची एक लॅब होती. तिथल्या बाईंनी एकदा थोरलीने बांधलेला गळ धाकटीकडे पाहिला, भिंगाखाली धरला आणि म्हणाल्या, "ही बोटं मला द्या." मेणाचा दात कोरायचा, कडा जुळवायच्या, शेजारच्या दातांची छटा धरायची. शिकवणार, वर राहायला खोलीही देणार. फक्त सोमवारी हजर पाहिजे, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. थोरलीच्या तोंडात "बाबा, मी" इतकं वाक्य रोज यायचं आणि मिशीवरून लाकूड सरकावं तसं सरकून जायचं.

शनिवारी एक घड्याळजी आला. पलीकडच्या काठाच्या गावात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पहिल्यांदाच आलेला, गोल, बोलका, आणि भित्रा. बोट हलली की दोन्ही हातांनी कड धरायचा.

"बुडणार नाही ना हो?"

"ओंडके बुडाले तेव्हाच पाण्याचं पोट भरलं," वाटाड्या म्हणाला. "तुमच्यासाठी जागा नाही."

भरती नुकती लागली होती. थोरलीने बोट धक्क्याच्या कडेकडेने नेली. ऊन चढलं, वारं सुटलं, बापाचा गळ खांबांच्या मधून नेमका सावलीत जाऊन पडत होता. टक् झालं, सुटलं. पुन्हा टक्, पुन्हा सुटलं. घड्याळजीचंही तेच, कारण त्याच्या दोरीलाही थोरलीचाच गळ.

"मासे तोंड लावतात आणि विचार बदलतात," घड्याळजी म्हणाला. "माझ्या दुकानात गिऱ्हाइकं करतात तसं."

बोट धक्क्याच्या कोपऱ्याशी आली. इथे तुळया खाली होत्या.

"बाबा, चहा देऊ?"

"नको, आत्ताच झालाय."

"अहो, कधी झालाय?" घड्याळजी अख्खा मागे वळला. "सकाळपासून चारदा विचारलंत, चारदा हे नको म्हणाले. मला मेल्याला एकदाही विचारलं नाहीत! मला द्या."

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"द्या, द्या. लाजू नका."

"थंड झाला असेल," ती म्हणाली.

"चालेल मला थंड."

काय करणार? तिने वल्हं मांडीवर टाकलं, थर्मास उचलला, झाकण फिरवायचं सोंग केलं. घड्याळजीने हात लांब केला, बोट कलली, मांडीवरचं वल्हं घसरून पाण्यात गेलं. ती ते धरायला वाकली तोवर भरतीने बोटीचं नाक धक्क्याखाली घातलं होतं. "वाका!" ती ओरडली. तिघंही वाकले. एक तुळई डोक्यावरून गेली, मग दुसरी, आणि बोट खांबांच्या मध्ये जाऊन घट्ट बसली. वल्हं उन्हात डुलत लांब चाललं होतं.

खाली अंधार. शेवाळाचा, भिजल्या लाकडाचा वास. फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा, त्याही हलत्या. थोरलीने खांबाला हात घालून बोट मागे रेटली. बोटीची मागची कड तुळईवर आपटली. आत येताना जी तुळई वर होती, ती तेवढ्यात कडेच्या बरोबरीला आली होती. म्हणजे तुळई होती तिथेच होती. पाणी वर येत होतं. थोड्या वेळाने कड तुळईच्या खाली दाबली गेली आणि बोट कण्हली.

"मला काही दिसत नाहीये," घड्याळजी म्हणाला.

"मला सवय आहे," वाटाड्या म्हणाला, आणि जीभ चावली.

तेवढ्यात पुढच्या डब्यातला थोरलीचा फोन वाजला. थोरलीचे दोन्ही हात खांबाला. घड्याळजीला तर कुणाशी तरी बोलायचंच होतं. त्याने डबा उघडला, फोन घेतला आणि घाबरत घाबरत कुठलंसं बटण दाबलं. धाकटीचा आवाज धक्क्याखाली घुमला.

"ताई, अगं सोमवारचं काय? लॅबच्या बाई दोनदा विचारून गेल्या. बाबांना अजून सांगितलंच नाहीस ना? मला माहीतच होतं! तुझं आपलं आज नाही उद्या, उद्या नाही परवा. तिथे खांबावर शेवाळ चढतं तशी चढ तू. मी सांगू का त्यांना? ते काय तुला खातात?"

"मी घड्याळजी बोलतोय," घड्याळजी म्हणाला.

"कोण?"

"आम्ही अडकलोय."

"तिचं नेहमीचंच आहे ते."

"तसं नाही हो बाई, खरोखरचे अडकलोय! धक्क्याखाली!"

"धाकटे," वाटाड्या शांतपणे म्हणाला, "ठेव फोन. निघतोय आम्ही."

फोन बंद झाला. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा राहिला. थोरलीला वाटलं, बाप आता काहीतरी विचारेल. तो खांब चाचपत राहिला. घड्याळजीला तर शांतता सोसत नव्हती. त्याने दोरीला लोंबणारा आपला गळ हातात घेतला आणि चाळा म्हणून अंगठ्याने केस मागे-पुढे करू लागला. सुईच्या टोकाएवढे स्क्रू फिरवणारी ती बोटं. ती थबकली.

"एक विचारू? ह्याला मिशी म्हणता ना तुम्ही?"

"हो."

"ही मिशी नाही. दाढी आहे. दाबली तर दबतच नाही. माशाने बिचाऱ्याने काय करावं?"

वाटाड्याने स्वतःचा गळ चाचपून हातात घेतला. बोटाने केस दाबले. पुन्हा दाबले. मग मुळाशी नख नेलं, डिंकाचा खडा नखाला लागला. थोरली अंधारातही त्याचा चेहरा पाहू शकत होती, आणि पाहू नये असं तिला वाटत होतं.

"थोरले, किती केस घातलेस?"

"दुप्पट."

"कधीपासून?"

"तो गळ ओंडक्यात फसला होता ना, तेव्हापासून."

"म्हणजे अख्खा हंगाम." त्याने मूठ उघडली, मिटली. "म्हणजे माझे हात..."

"हात चांगले आहेत, बाबा. हातांना काही झालेलं नाही."

वाटाड्या हसला की हुंदका दिला, धक्क्याखाली आवाजाचं काही खरं नसतं. मग त्याने घड्याळजीच्या दिशेने तोंड केलं, जराशा चुकीच्या दिशेने.

"घड्याळजी, मला दिसत नाही. इथेही नाही, उजेडातही नाही. चहा म्हणजे वाका. थर्मासात चहा नसतो."

"म्हणजे सकाळपासून मी आंधळ्याच्या..." घड्याळजीने दोन्ही हातांनी कड धरली, तर कडेवर तुळई, बोटं चेंगरता चेंगरता वाचली. "अरे देवा! बाहेर काढा मला! पोहता येत नाही मला!"

"काढतो. आधी थोडं बुडायला लागेल."

"काय?"

"बोट हलकी आहे म्हणून वर दाबली जातेय. आत पाणी घेतलं की खाली बसेल. थोरले, पुढचा खांब धर. मी तळाचं बूच काढतो."

"बाबा, मी काढते."

"माझ्या पायाखाली आहे ते. तू खांब धर."

त्याने वाकून हात घातला. बूच निघाल्याचा 'बुप्' असा आवाज झाला आणि पाणी आत आलं, थंडगार, घोट्यांना, मग पोटऱ्यांना. घड्याळजी मोठमोठ्याने कुठल्या कुठल्या नातेवाइकांची नावं घेत होता. तुळई कडेला करकरत राहिली. थोरलीचे हात खांबाच्या शेवाळावरून सटकत होते. वर तुळई, आत पाणी, मध्ये तिघं. आणि तिला एकाएकी वाटलं, की हे काही नवीन नाही, आपण रोज इथेच तर बसतो.

मग कड सुटली. बोट जडपणे खाली बसली, तुळई आणि कड यांच्यामध्ये हातभर उजेड शिरला.

"आता!" वाटाड्या म्हणाला, आणि बूच बसवलं.

खांब धरून धरून त्यांनी बोट मागे ओढली. थोरली सांगत होती, "डावा खांब, बाबा. आता उजवा. डोकं खाली," आणि तो हात टाकत होता. साधे शब्द, सरळ शब्द. ऊन नाही, वारं नाही. बाहेर आल्यावर तिघंही डोळे मिटून बसले.

मग थर्मासाच्या झाकणाने पाणी उपसलं.

धक्क्यावर पाय टेकल्यावर घड्याळजीचा राग उतू आला. "जिवाशी खेळ आहे हा! तुमच्या नाही, माझ्या!" वाटाड्या मान खाली घालून ऐकत होता. बोलून बोलून घड्याळजी थकला. थोरलीने त्याला वर नेलं, कोरडा पंचा दिला आणि गरम चहा केला. दोन कप प्यायल्यावर तो म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही. पण बोट बांधून टाका. पुन्हा कुणाला घेऊन गेलात असं कानावर आलं, तर मात्र सांगेन." पायऱ्या उतरताना थांबला. "ते गळ मात्र बांधा हो. मिशीवाले. मी घेईन."

संध्याकाळी बाप टेबलाशी बसला, थोरलीच्या जागेवर. गळांचा डबा पुढ्यात घेतला. एकेक गळ काढायचा, डिंक खरवडायचा, बोटांनी केस वेगळे करायचा आणि जास्तीचे कात्रीने उडवायचा. मग मिशी अंगठ्याने दाबून पाहायचा आणि गळ ओळीत ठेवायचा. थोरली खाटेवर बसून बघत होती. तिच्या हातांना काही काम नव्हतं, हे तिच्या हातांना कळत नव्हतं.

"सोमवारी जा तू," तो म्हणाला. "इथलं होईल."

"हं."

"जाळीवाल्या काकू खाली आहेतच, जेवायला देतील. गळ बांधीन, दुकानात देईन. काही अडणार नाही."

"हं."

"पिशवी घे मोठी. थंडीचं घे काहीतरी."

सगळं कसं गुळगुळीत. कुठे खोच नाही, कुठे खरचटणं नाही. शब्द तिच्या अंगावरून सरकून चालले होते. जायची परवानगी मिळाली होती आणि छातीवरची तुळई तशीच होती.

"बाबा."

"बोल."

"मला एकदा गळ घाला ना."

कात्री थांबली. "कशाची?"

"राहायची."

"मी गळ घातली तर तू राहशील. ओळखतो मी तुला."

"नाही राहणार."

"मग घालू कशाला?"

"कुणी धरलंच नाही, तर सुटल्यासारखं कसं वाटेल मला?"

वाटाड्याने कात्री खाली ठेवली. तो खिडकीकडे तोंड करून बसला, जिथे त्याला धुक्यातल्या दिव्याइतकं काहीतरी दिसत असावं. खाली ओहोटीचं पाणी खांबांना सोडत होतं.

"राहा," तो म्हणाला. मग त्याने पुन्हा सुरुवात केली. "राहा गं थोरले. मला काकूंच्या हातचं आवडत नाही. दूध उतू जाईल माझ्याकडून. सकाळी उठल्यावर कुठल्या बाजूला खिडकी आहे ते कळत नाही मला, तू भांडी वाजवतेस तेव्हा कळतं. कशाला जातेस? राहा."

थोरलीने पदराने नाक पुसलं. हुंदका आला तो येऊ दिला.

"नाही, बाबा. जाते मी."

"राहा म्हणतोय ना."

"ऐकलं मी. जाते."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "गाडी कधीची?"

"सकाळची पहिली."

"बरं."

त्याने डब्यात हात घातला. नुकती पातळ केलेली मिशी दबली आणि गळाचं टोक त्याच्या बोटात शिरलं. "हा!" तो म्हणाला. थोरली अर्धी उठली, फडक्याकडे हात गेला तिचा. मग ती पुन्हा खाली बसली आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. बापाने चाचपून टोक बाहेर काढलं, बोट तोंडात धरलं, आणि दुसऱ्या हाताने पुढचा गळ शोधू लागला.